पेशीतला धातू कुणाच्या ताब्यात असतो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात अमेरिकेतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस ओहॅलोरन यांच्या संशोधनाची ओळख करून दिली होती. आधी तीन दशकांहून अधिक काळ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणि नंतर मिशिगन स्टेट विद्यापीठात काम करताना त्यांनी एक प्रश्न सतत लावून धरला आहे: सजीव पेशी आपल्या आतल्या धातूंचा हिशेब कसा ठेवते? त्या लेखावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न : रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचे पेशीत काय काम? आम्हाला शाळेत असे शिकवले होते की कार्बनी रसायन सजीवांचे आणि अकार्बनी रसायन खनिजांचे व धातूंचे. मग धातूंचा अभ्यासक जिवाणू आणि अंडपेशी यांच्याकडे कसा वळला? (एक निवृत्त अभियंता)

उत्तर : ती विभागणी शिकवायला सोयीची आहे, पण पेशी तिला जुमानत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह, २ ते ३ ग्रॅम जस्त आणि जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास तांबे असते. शरीराच्या वजनापुढे हे आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन लोहाशिवाय निकामी आहे, तो ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणाऱ्या साखळीतले शेवटचे विकर (एन्झाइम) लोह आणि तांबे या दोहोंवर चालते, आणि जनुके चालू-बंद करणारी शेकडो प्रथिने जस्ताच्या एकेका अणूभोवती घडी घालूनच आपला आकार टिकवतात.

या संदर्भात युरिएज या विकराची हकीगत मला फार बोलकी वाटते. जेम्स समनर यांनी १९२६ साली ते स्फटिकरूपात वेगळे केले. विकर हे प्रथिन असते, याचा तो भक्कम पुरावा ठरला आणि १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्या स्फटिकांत निकेल आहे, हे मात्र १९७५ साली समजले. जवळजवळ पन्नास वर्षे तो धातू परीक्षानळीत संशोधकांच्या डोळ्यांसमोर होता आणि कुणी त्याला शोधले नव्हते, कारण प्रथिनात निकेल असेल ही कल्पनाच कुणाच्या मनात आली नव्हती. धातूचा आयन कोणत्या अणूंना धरतो, किती घट्ट धरतो आणि कधी सोडतो, हे विचारण्याची सवय अकार्बनी रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला असते, आणि नेमकी तीच सवय येथे लागते.

ओहॅलोरन यांच्या कामाची सुरुवात पाऱ्यापासून झाली. काही जिवाणू पाऱ्याच्या विषालाही पुरून उरतात, कारण पारा आल्याची वर्दी देणारे ‘मर-आर’ नावाचे प्रथिन त्यांच्याजवळ असते. ओहॅलोरन आणि क्रिस्टोफर वॉल्श यांनी ते वेगळे करून त्याचे गुणधर्म १९८७ साली प्रसिद्ध केले. हे प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसलेले असते. पाऱ्याचा आयन त्याला येऊन चिकटला की ते त्या जागचा डीएनएचा पीळ किंचित सैल करते आणि विषाचा बंदोबस्त करणारी जनुके वाचली जाऊ लागतात. पाऱ्यासारख्या परक्या धातूसाठी इतकी चोख व्यवस्था असेल, तर रोजच्या गरजेच्या जस्तासाठी आणि तांब्यासाठीही ती असणारच. आणि ही पहारेकरी प्रथिने धातूच्या किती प्रमाणाला जागी होतात हे मोजता आले, तर पेशीला किती धातू पुरेसा वाटतो आणि किती डोईजड होतो, हे तिच्याच मोजपट्टीने कळेल. पुढचे सारे संशोधन या विचारातून निघाले आहे.

प्रश्न : लेखात ‘यीस्टच्या पेशीत तांब्याचा एकही मोकळा अणू नसतो’ असे वाक्य होते. तांबे आवश्यक आहे असेही म्हणता आणि ते मोकळे नसते असेही म्हणता. मग ते असते कुठे? आणि मोकळे राहिले तर बिघडते काय? (एक वाचक)

उत्तर : येथे ‘मोकळा’ याचा अर्थ ज्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंखेरीज कुणी नाही असा आयन, असा घ्यायचा आहे. मोरचुदाचा खडा पाण्यात विरघळला की तांबे ज्या अवस्थेत जाते, ती ही अवस्था. पेशीत तांब्याला तसे फिरू देणे परवडत नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण १८९४ सालापासून ठाऊक आहे. हेन्री फेंटन यांनी दाखवले की लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात सतत तयार होत असते. मोकळे लोह किंवा मोकळे तांबे त्याला एक इलेक्ट्रॉन देते, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो, आणि तो मूलक डीएनए, प्रथिने, पेशीपटल यांपैकी जे जवळ सापडेल त्याची मोडतोड करतो. दुसरे कारण असे की तांबे फार चिकट आहे. ज्या जागा लोहासाठी किंवा जस्तासाठी राखलेल्या असतात तेथेही ते घुसते, आणि एकदा बसले की सहजी उठत नाही. जिवाणूंमध्ये तांब्याचे प्रमाण वाढल्यावर लोह आणि गंधक यांचे नाजूक गुच्छ असलेली विकरे निकामी होतात, असे आढळले आहे.

म्हणून पेशी तांब्याला एकटे सोडत नाही. ते पेशीपटलातून आत आल्यापासून मुक्कामाला पोचेपर्यंत कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या स्वाधीन असते. या प्रथिनांना शास्त्रीय परिभाषेत ‘चॅपरोन’ म्हणतात. आपल्या भाषेतला ‘पाठराखीण’ हा शब्द मला त्याहून नेमका वाटतो, कारण पाठराखीण सोबत जाते, पोचवते आणि परत येते, आणि ही प्रथिनेही तेच करतात. यीस्टमधल्या अशा एका प्रथिनाचे नाव एटीएक्स-१. त्याचे हे काम ओहॅलोरन, व्हॅलेरिया क्युलोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. या प्रथिनाच्या टोकाशी गंधकाचे दोन अणू असतात आणि त्या दोघांच्या मध्ये तांबे धरलेले असते. ज्या प्रथिनाला ते द्यायचे त्याच्याकडेही गंधकाची तशीच जोडी असते. दोन्ही प्रथिने जवळ आली की तांबे क्षणभर दोघांच्याही पकडीत असते. एकाची पकड सुटण्याआधी दुसऱ्याची बसलेली असते. या देवाणघेवाणीत तांबे पाण्यात उतरतच नाही.

परंतु पाठराखीण आहे म्हणून मोकळे तांबे नाही, असा निष्कर्ष थेट निघत नाही. तो ज्या युक्तिवादाने निघाला तो मला या संशोधनाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर तांब्यावर चालते आणि त्याच्यासाठी वेगळी पाठराखीण असते. यीस्टमधून त्या पाठराखिणीचे जनुक काढून टाकले, तर विकराचे प्रथिन नेहमीसारखे तयार होते, पेशीत तांबेही नेहमीइतकेच येते, पण विकराला मात्र तांबे मिळत नाही आणि ते निष्क्रिय राहते. आता हेच रिकामे प्रथिन परीक्षानळीत घेऊन त्यात तांब्याचे मोकळे आयन घातले, तर ते कुणाच्याही मदतीशिवाय तांबे उचलते आणि काम करू लागते. म्हणजे मोकळे तांबे मिळाले असते, तर पेशीतही त्याने ते उचलले असते. ज्या अर्थी त्याने उचलले नाही, त्या अर्थी तेथे मोकळे तांबे नव्हतेच. ते प्रथिन तांब्याला किती घट्ट धरते यावरून हिशेब मांडला असता, मोकळ्या तांब्याचे प्रमाण प्रत्येक पेशीत एका अणूहूनही पुष्कळ कमी भरले. हा निबंध १९९९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

माणसाच्या पेशीतही अशीच व्यवस्था आहे, आणि ती बिघडली की काय होते हे वैद्यकाला त्याआधीच दिसले होते. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या आजारात यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकत नाही आणि ते यकृतात व मेंदूत साचते. जॉन मेंकेस यांनी १९६२ साली वर्णन केलेल्या आजारात ते आतड्याच्या अस्तरातच अडकून पडते आणि बाळाच्या मेंदूला त्याची तीव्र टंचाई भासते. या दोन्ही आजारांची जनुके १९९३ साली सापडली. दोन्ही जनुके तांबे ढकलणाऱ्या पंपांची आहेत, आणि या दोन्ही पंपांना तांबे आणून देणारी पाठराखीण एकच, एटॉक्स-१ नावाची, यीस्टमधल्या एटीएक्स-१ ची मानवी बहीण.

प्रश्न : ‘एका अणूहून कमी’ या शब्दांना अर्थ काय? अणू एक तरी असेल किंवा नसेल. शिवाय जे नाही ते मोजले कसे? (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे. प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू.

इ. कोलाय या जिवाणूचे आकारमान साधारण एक-दोन घन मायक्रॉन असते. एवढ्या जागेत कोणत्याही पदार्थाचा एकच कण ठेवला, तर त्याची संहती, म्हणजे द्रावणातले प्रमाण, सुमारे एक नॅनोमोलर होते (मोलर हे संहतीचे एकक, नॅनोमोलर हा त्याचा अब्जांश). म्हणजे या पेशीपुरती एक नॅनोमोलर ही ‘एक अणू’ या अवस्थेची खूण झाली. ओहॅलोरन यांचा गट आणि कॅरिन आउटन यांनी २००१ साली दाखवले की या पेशीत जस्ताचे एकूण सुमारे २ लाख अणू असतात. जस्त कमी पडले की ते आत घेणारी यंत्रणा सुरू होऊ देणारे एक प्रथिन आणि जस्त जास्त झाले की ते बाहेर काढणारी यंत्रणा सुरू करणारे दुसरे प्रथिन, अशी दोन पहारेकरी प्रथिने त्यांनी परीक्षानळीत तपासली. मोकळ्या जस्ताचे प्रमाण फेम्टोमोलरच्या घरात, म्हणजे नॅनोमोलरच्या दशलक्षांश असतानाच दोन्ही आपापले काम करत होती. थोडक्यात, पेशीच्या दृष्टीने एक मोकळा अणू हाच प्रचंड अतिरेक झाला. तांब्याचा पहारेकरी क्यू-आर तर याहून कितीतरी संवेदनशील निघाला.

आता ‘एका अणूचा दशलक्षांश’ याचा अर्थ. दशलक्ष पेशी एकाच क्षणी पाहिल्या तर त्यांपैकी एखादीत एक मोकळा अणू सापडेल, असा सरासरीचा अर्थ गणिताच्या अंगाने लावता येतो. पण त्याहून महत्त्वाचा अर्थ वेगाचा आहे. इतक्या विरळ द्रावणात एखाद्या प्रथिनाने मोकळा अणू येऊन आदळण्याची वाट पाहायची म्हटली, तर आठवडा उलटून जाईल, आणि हा जिवाणू तर अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुभंगतो. तेव्हा धातू प्रथिनांपर्यंत मोकळ्या अवस्थेत वाहत येत नसावा; तो एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे हस्तांतरित होत असावा. संहतीचा आकडा येथे धातू मोजत नाही, पकडीची ओढ मोजतो, असे म्हटले तर तुमची शंका बरीचशी सुटेल.

मोजण्याच्या कृतीबद्दलही लिहायला हवे, कारण खरे कष्ट तेथे आहेत. पेशीतला एकूण धातू मोजण्यासाठी पेशी आम्लात विरघळवून, हजारो अंश तापमानाच्या आर्गॉनच्या प्लाझ्मातून सोडून, निघालेले आयन वस्तुमानानुसार मोजतात. यंत्र आपले काम चोख करते. अडचण असते ती सभोवतालच्या जस्ताची. साध्या काचेतून जस्त झिरपते, रबराच्या बुचात जस्ताचे ऑक्साइड असते, हातमोज्यांच्या भुकटीत आणि खोलीतल्या धुळीत जस्त असते. प्लॅस्टिकची भांडी नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायची, अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायची, आणि पेशी न घातलेला कोरा नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवायचा. कोऱ्या नमुन्यातच जस्त दिसले की त्या दिवसाचे काम वाया. ही अडचण फार जुनी आहे: लुई पाश्चर यांचे शिष्य ज्यूल रोलँ यांनी १८६९ साली काळ्या बुरशीच्या वाढीला जस्त लागते हे दाखवले, तेव्हा त्यांनाही आपल्या पोषणद्रावणातले घटक जिवापाड शुद्ध करावे लागले होते.

एक दुरुस्तीही येथे नोंदवतो. ‘एकही मोकळा अणू नाही’ हे विधान यीस्टमधील तांबे आणि इ. कोलायमधील जस्त यांच्यापुरते आहे. मागील लेखात ते सर्व धातूंना सरसकट लागू होईल अशा रीतीने छापले गेले. सोडिअम, पोटॅशिअम हे तर पेशीत विपुल आणि बऱ्याच अंशी मोकळे असतात. सस्तन प्राण्यांच्या पेशीत जस्ताला चिकटून चमकणारे रंजक घालून मोजले, तर सहज सुटणाऱ्या जस्ताचे प्रमाण साधारण शंभर पिकोमोलरच्या, म्हणजे नॅनोमोलरच्या एक-दशांशाच्या आसपास मिळते. या पेशी जिवाणूपेक्षा सुमारे हजारपट मोठ्या असल्यामुळे त्याचा अर्थ दर पेशीला काही डझन अणू असा होतो. एकूण जस्ताच्या तुलनेत हेही नगण्यच आहे, पण शून्य नाही.

प्रश्न : फलनाच्या क्षणी स्त्रीबीजातून प्रकाशाची ठिणगी उडते, अशी एक चित्रफीत सगळीकडे फिरत असते. सोबत ‘जीवनाचा पहिला प्रकाश’ असा मजकूर असतो. हे खरे आहे का? (एक शिक्षिका)

उत्तर : चित्रफितीत जे दिसते ते खरोखर घडलेले असते, पण तो प्रकाश बीजाचा नसतो. बीजातून बाहेर पडते ते जस्त. प्रयोग करणाऱ्यांनी भोवतालच्या द्रवात असा रंजक घातलेला असतो, की जो जस्ताला चिकटल्यावर लेझरच्या प्रकाशात चमकतो. म्हणून जस्ताची लाट बाहेर आली की बीजाभोवती उजळ कडे उमटते आणि विरते. रंजक नसेल तर सूक्ष्मदर्शकातून काहीही दिसणार नाही. संशोधकांनी या घटनेला ‘जस्ताची ठिणगी’ असे नाव दिले आणि ते नाव शब्दशः घेतले गेले.

हे काम ओहॅलोरन आणि प्रजननशास्त्रज्ञ टेरेसा वुडरफ यांनी मिळून केले आहे, आणि आधीच्या उत्तराशी ताडून पाहिले तर त्यातले आश्चर्य अधिक जाणवेल. जो धातू पेशी एरवी इतक्या काटेकोरपणे बांधून ठेवते, तोच येथे ती अब्जावधींच्या संख्येने साठवते आणि उधळते. उंदराचे बीज पक्व होताना शेवटच्या काही तासांत जस्ताचे सुमारे २० अब्ज अणू आत घेते. एवढे जस्त असेपर्यंत बीज पेशीविभाजनाच्या एका ठरावीक टप्प्यावर थांबून राहते. शुक्राणू आत शिरला की बीजात कॅल्शिअमच्या लाटा उठतात, आणि त्यांच्यामागोमाग काही मिनिटांतच जस्ताच्या ठिणग्या सुरू होतात. एक-दोन तासांत सुमारे १० अब्ज अणू बाहेर पडतात. २०१५ साली याच गटाने हे जस्त कुठे दडलेले असते ते शोधले. बीजाच्या पृष्ठभागालगत सुमारे ८००० सूक्ष्म पुटिका असतात आणि प्रत्येक पुटिकेत जस्ताचे साधारण दहा लाख अणू भरलेले असतात. गुणाकार केला तर ८ अब्ज होतात. बाहेर पडलेल्या १० अब्जांशी हा आकडा किती जुळता आहे पाहा. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी मिळवलेले आहेत, आणि म्हणूनच अशा जुळणीवर माझा विश्वास बसतो.

जस्त जाण्याने काय साधते? बीजाला थांबवून धरणाऱ्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाला जस्त लागते. ते कमी झाले की बीजाचा पुढचा मार्ग मोकळा होतो. याचा पुरावा असा, की शुक्राणूचा स्पर्शही न होता केवळ जस्त काढून घेणारा रेणू दिला, तरी उंदराचे बीज तो टप्पा ओलांडते. बाहेर पडलेले जस्त बीजाभोवतीचे कवच कठीण करण्यास मदत करते, त्यामुळे दुसरा शुक्राणू आत शिरणे अवघड होते.

मानवी बीजांवरचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगात शुक्राणू वापरलेलेच नव्हते. बीजे रासायनिक आणि जैविक पदार्थांनी उद्दीपित केली होती. तेव्हा त्या चित्रफितीला मानवी गर्भधारणेचे चित्रण म्हणणे वस्तुस्थितीला सोडून आहे. विद्यार्थ्यांना ती जरूर दाखवावी, परंतु रंजकाची हकीगत आधी सांगावी. त्यांचे कुतूहल त्याने कमी होणार नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : प्रथिने धातूंना ओळखतात कशी? मँगॅनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे, जस्त हे आवर्तसारणीत शेजारी आहेत, त्यांचे आयनही जवळपास सारख्याच आकाराचे आहेत. (एक वाचक)

उत्तर : बहुतेक प्रथिने स्वतःहून ओळखत नाहीत, हेच उत्तर आहे. हॅरी अर्व्हिंग आणि रॉबर्ट विल्यम्स यांनी १९५३ साली मांडलेली श्रेणी सांगते की मँगॅनीजपासून तांब्यापर्यंत पकड वाढत जाते आणि जस्ताशी थोडी उतरते. आणि हे पकडणारा रेणू कोणताही असला तरी बहुधा खरे ठरते. म्हणजे मँगॅनीजसाठी घडवलेले प्रथिनही संधी मिळाली तर तांबेच उचलणार.

मग पेशी काय करते, याचे उत्तर नायजेल रॉबिन्सन यांच्या गटाने २००८ साली एका नील-हरित जिवाणूत शोधले. त्यात दोन प्रथिने आहेत. दोघांची घडी सारखी, धातू धरणारे अणूही तेच. तरी एकात नेहमी तांबे सापडते आणि दुसऱ्यात मँगॅनीज. परीक्षानळीत मँगॅनीजवाल्या प्रथिनाला मँगॅनीज घ्यायला लावायचे, तर ते तांब्याच्या दहा हजार पटींनी जास्त ठेवावे लागले. जिवाणू मात्र हे प्रथिन पेशीच्या आतच घडी घालून घेतो, जेथे तांबे आणि जस्त सुटे नसते. घडी पडताना मँगॅनीज आत अडकते आणि मग ते प्रथिन बाहेर पाठवले जाते. तांब्याचे प्रथिन उलगडलेल्या स्थितीतच बाहेरच्या कप्प्यात जाते आणि तेथे घडी घालताना तांबे घेते. निवड प्रथिन करत नाही, घडी कुठे पडते ती जागा करते. आतल्या कप्प्यात मोकळे तांबे नसणे ही मँगॅनीजसाठी पूर्वअटच आहे, आणि त्यामुळे हा प्रश्न वरच्या तांब्याच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

प्रश्न : हे सर्व वाचून जस्ताच्या गोळ्या सुरू कराव्यात का? (अनेक वाचक)

उत्तर : या संशोधनावरून तसा सल्ला निघत नाही. जस्ताची कमतरता तपासणीत आढळली आणि डॉक्टरांनी सांगितले, तरच घ्याव्यात. दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्याने तांब्याची कमतरता होते. आतड्याच्या पेशी जादा जस्ताला तोंड देण्यासाठी मेटॅलोथायोनीन नावाचे गंधकयुक्त प्रथिन वाढवतात. ते जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरते, आणि त्या पेशी झडल्या की तांबे त्यांच्यासह शरीराबाहेर जाते. कवळी बसवण्याच्या जस्तयुक्त मलमाचा वर्षानुवर्षे अति वापर केलेल्या काही रुग्णांना यामुळे रक्तक्षय आणि पायांची बधिरता आली होती. विल्सनच्या आजारात हाच परिणाम डॉक्टर उपचार म्हणून वापरतात. मुद्दाम जस्त देऊन तांबे अडवायचे, पण तेही नियमित तपासणीखाली.

प्रश्न : तांब्याला पाठराखीण असते, तशी लोहाला आणि जस्ताला असते का? (पदव्युत्तर विद्यार्थी)

उत्तर : लोहाची एक पाठराखीण २००८ साली कॅरोलिन फिलपॉट यांच्या गटाला सापडली. पीसीबीपी-१ हे तिचे नाव. फेरिटिन हे लोह साठवणारे पोकळ प्रथिन असते आणि त्याच्या पोकळीत लोहाचे ४५०० पर्यंत अणू मावतात. तेथवर लोह पोचवणे हे तिचे काम. गंमत म्हणजे हे प्रथिन आरएनएला चिकटणारे म्हणून आधीपासून माहीत होते.

जस्ताच्या बाबतीत फार वाट पाहावी लागली. माणसाच्या प्रथिनांपैकी सुमारे एक-दशांश प्रथिनांना जस्त लागते असा अंदाज आहे, आणि एवढ्या मोठ्या संख्येला पाठराखिणी कशा पुरणार, म्हणून जस्त सुटेच फिरत असावे असे अनेक जण धरून चालले होते. २०२२ साली झेडएनजी-१ या प्रथिनाचे काम उघड झाले. ते जीटीपी या रेणूतली ऊर्जा खर्च करून मेटॅप-१ या विकराला जस्त नेऊन देते. नव्याने तयार झालेल्या प्रथिनांच्या टोकाचे मेथिओनिन कापून काढणारे हे विकर आहे, त्यामुळे ते थांबले तर पेशीतल्या असंख्य प्रथिनांची पुढची तयारी अडते. जस्त मुबलक असताना या पाठराखिणीवाचून फारसे अडत नाही. टंचाई आली की मात्र तिची गरज ठळकपणे दिसते. तुम्ही या विषयात प्रबंध करण्याचा विचार करत असाल, तर पेशींना जस्ताची टंचाई भोगायला लावून मग प्रयोग करा. भरपूर जस्त असलेल्या पोषणद्रावणात ही प्रथिने इतकी वर्षे लपून राहिली होती.